जीप

जीप : एंजिनाची शक्ती चारही चाकांना पुरविता येते अशी लहान, हलकी, उघड्या बांध्याची व ओबडधोबड जमिनीवरून जाऊ शकणारी अमेरिकन मोटारगाडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यासाठी ती प्रथम तयार करण्यात आली. युद्धानंतर शेती, वनखाते, पाटबंधारे, पोलीस, आरोग्यसेवा इ. क्षेत्रांत तिचा जगभर प्रसार झाला. भारतात ती मुंबईत जोडली व पुढे बनविली जाऊ लागली आणि मूळ देशात उत्पादन थांबल्यावरही तिचे एक जुने प्रतिमान महाराष्ट्रात कित्येक वर्षे चालू राहिले. ‘जीप’ या नावाच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. गाडीच्या सैनिकी नामसंक्षेपावरून ते आले असे काही मानतात, तर ‘पॉपॉय’ या चित्रमालिकेत १९३६ मध्ये अवतरलेल्या ‘यूजीन द जीप’ या विलक्षण शक्तीच्या प्राण्यावरून ते आले, असे इतरांचे मत आहे. आता ते एका अमेरिकन व्यवसायाचे नोंदलेले व्यापारचिन्ह असले, तरी मराठीत या प्रकारच्या कोणत्याही गाडीला जीप म्हणण्याची रूढी पडलेली आहे.

उगम : पहिल्या महायुद्धात घोडा व पायी निरोप्या यांची जी कामे होती, ती करू शकेल असे हलके यांत्रिक वाहन अमेरिकी सैन्याला हवे होते. यूरोपात युद्ध पेटल्यावर ही गरज तातडीची झाली. जुलै १९४० मध्ये सैन्याने १३५ कारखानदारांकडे मागणी पाठविली. चारही चाकांनी चालणारी, तीन माणसे व एक यंत्रबंदूक नेणारी व अवघ्या ५९० किग्रॅ. वजनाची गाडी, अशी मूळ अपेक्षा होती. नमुना गाडी सादर करण्यासाठी फक्त ४९ दिवस देण्यात आले. एवढ्या अल्प मुदतीला तयार झालेली पेढी एकच होती व ती म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातील लहानशी ‘अमेरिकन बँटम’. तिच्यासाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी होलाबर्ड येथील सैनिकी तळावर दाखल झाली.

बँटमची उत्पादनक्षमता मोठ्या युद्धाला पुरेल एवढी नव्हती. म्हणून विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनाही नमुने करण्यास सांगण्यात आले. विलीजचा अभियंता डेल्मर रूस याने एंजिन अधिक जोरदार ठेवले. पण त्यामुळे गाडी जड झाली. वजनाची मर्यादा तोवर सु. ९८० किग्रॅ. पर्यंत वाढविली होती. ती गाठण्यासाठी पत्र्याची जाडी, खिळ्यांची लांबी, इतकेच काय रंगाचा थरही कमी करण्यात आला. १९४१ मध्ये विलीजचा आराखडा प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आला व त्याच आराखड्यानुसार फोर्डनेही गाड्या बनविल्या. १९४५ पर्यंत दोन्ही कारखान्यांतून मिळून सु. ६.४ लाख जीपगाड्या बाहेर पडल्या. प्रथम कल्पना साकार करणाऱ्या बँटमच्या वाट्याला सु. २,७०० गाड्या व पुढे मागे जोडावयाच्या लहान गाड्यांचे काम एवढेच आले.

रचना : जीपची रचना तिच्या कामातून ठरली. शोभेसाठी तिच्यात काहीही ठेवलेले नव्हते. सैनिकी प्रतिमानाची लांबी सु. ३.३५ मी., रुंदी १.५७ मी. व पुढील आणि मागील आसांतील अंतर २.०३ मी. (८० इंच) होते. पोलादी पन्हाळींच्या शिडीसारख्या सांगाड्यावर सपाट पत्र्याचा बांधा बोल्टांनी बसविलेला असे. सपाट पत्र्यामुळे साचे स्वस्त पडत आणि पोचा आला, तर खेड्यातील लोहारालाही तो हातोडीने काढता येई. दोन्ही आस अखंड व भक्कम असून ते लांब पोलादी पाट्यांच्या कमानींवर टांगलेले असत. तळाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून सु. २२ सेंमी. उंच होता. चाकांच्या पुढे व मागे बांध्याचा भाग फारसा बाहेर आलेला नसल्याने पुढून ४५° व मागून ३५° पर्यंतच्या उंचवट्याला गाडी न टेकता भिडू शके.

एंजिन चार सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे व २,१९९ घ. सेंमी. धारणक्षमतेचे होते. त्याच्या सिलिंडराचा व्यास ७९.४ मिमी. व दट्ट्याची धाव १११.१ मिमी. होती. व्यासाच्या मानाने धाव एवढी लांब ठेवल्यामुळे एंजिन मंद फिरत असतानाही जोराने ओढते. दर मिनिटास ४,००० फेऱ्यांना ते ६० अश्वशक्ती देई. परंतु त्याचा पीळ (पीडन परिबल) २,००० फेऱ्यांनाच कमाल होत असे. झडपा सिलिंडराच्या बाजूला असल्याने एंजिनाची उंची कमी राहिली व पुढील झाकण सखल ठेवता आले.

तीन पुढचे व एक उलटा असे चार गिअर असलेल्या पेटीच्या मागे दुसरी एक पेटी जोडलेली असे. जीपचे खरे वैशिष्ट्य याच पेटीत आहे. एंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या आसांकडे वाटणे आणि गरजेनुसार वेग आणखी घटवून ओढ वाढविणे, ही दोन कामे ती करते. त्यासाठी चालकाजवळ दोन जादा दांडे असतात. एकाने पुढचा आस जोडता किंवा सोडता येतो, तर दुसऱ्याने उच्च वा नीच पल्ला निवडता येतो. पुढचा आस जोडल्याशिवाय नीच पल्ला लागत नाही. त्यामुळे वाढलेला सर्व पीळ एकट्या मागच्या आसावर येऊन तो तुटण्याचा धोका टळतो.

प्रतिमान सीजे-३बी : युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ मध्ये सीजे-२ए हे नागरी प्रतिमान आणले. त्याच्या जाळीत सात उभ्या फटी होत्या व तेच पुढे जीपचे ओळखचिन्ह ठरले. १९५३ मध्ये सीजे-३बी हे प्रतिमान निघाले. त्यात सिलिंडराचा व्यास व दट्ट्याची धाव पूर्वीचीच होती. मात्र मिश्रण आत घेणारी झडप बाजूऐवजी वर, माथ्यात नेण्यात आली व ती आकाराने मोठी करण्यात आली. वायू बाहेर टाकणारी झडप बाजूलाच राहिली. या फेरबदलाने शक्ती सु. ७० ते ७५ अश्वशक्तीपर्यंत वाढली. पण एंजिन उंच झाले. बांधा नव्याने आखण्याऐवजी केवळ पुढील झाकण उंच करण्यात आले. त्यामुळे गाडीचा चेहरा काहीसा अवजड दिसू लागला आणि भारतातील दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे जीप म्हणून तोच राहिला. अमेरिकेत या प्रतिमानाचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. तोवर तेथे सु. १.५५ लाख गाड्या झाल्या होत्या.

कार्यमान : जीपच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अमेरिकन गाडीशी तुलना उपयुक्त ठरते. जून १९५३ मध्ये जनरल मोटर्सच्या फ्लिंट येथील कारखान्यातून ‘शेव्हरोले कॉर्व्हेट’ ही दोन आसनी क्रीडा-मोटार बाहेर पडली. तिचा बांधा काचतंतू व रेझीन यांचा होता. सु. ३.८६ लिटरच्या सहा सिलिंडरी एंजिनापासून १५० अश्वशक्ती मिळे. पहिल्या वर्षी अशा ३०० गाड्याच झाल्या. कॉर्व्हेटचे यश सेकंदांत व ताशी वेगात मोजले जाई, तर जीपचे यश ती कोठून बाहेर पडू शकते यावरून ठरे.

सीजे-३बीच्या पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, नीच पल्ल्याचे २.४६ व आसातील दंतचक्रांचे ५.३८ होते. या तिन्हींचा गुणाकार सु. ३७ येतो. म्हणजे एंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो आणि घर्षणातील घट सोडली, तर चाकावरील पीळ ३७ पट होतो. एंजिनाचा कमाल पीळ सु. १५.८ किग्रॅ.-मी. व चाकाची त्रिज्या सु. ०.३६ मी. धरली, तर जमिनीवरील ओढ सु. १,६०० किग्रॅ. भरते. रिकाम्या गाडीचे स्वतःचे वजन मात्र १,००० किग्रॅ. च्या आसपासच आहे. ओढ वजनापेक्षा जास्त झाली की, तिचा उपयोग किती व्हावा हे एंजिन ठरवीत नाही, तर टायर व जमीन यांमधील पकड ठरविते. दोनच चाके फिरती असतील, तर गाडीच्या जवळजवळ अर्ध्या वजनाचीच पकड कामी येते. चारही फिरती असतील, तर सर्व वजनाची पकड मिळते. चिखलात रुतलेली ट्रक किंवा मोटार जेथे एकाच जागी चाके फिरवीत राहते, तेथून जीप निघून जाते याचे कारण हे आहे.

याची किंमत वेगात मोजावी लागते. सर्वांत वरच्या गिअरमध्ये व उच्च पल्ल्यातही आसाचे ५.३८ हे प्रमाण कायम राहत असल्याने एंजिनाच्या ४,००० फेऱ्यांना गाडी ताशी सु. १०० किमी. च्या पुढे जात नाही व तेवढ्या वेगाला एंजिनाचा गोंगाट असह्य होतो. शिवाय पुढचा व मागचा आस यांमध्ये वेगातील फरक सामावून घेणारी दंतचक्रमाला नाही. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब अंतर कापतात. मऊ मातीत टायर थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी सडकेवर मात्र तो टायर व दंतचक्रे यांवर ताण आणतो. म्हणून सडकेवर दोन व चिखलात चार चाके जोडावीत, हा जीपचालकाचा पहिला धडा असे.

भारतातील आगमन व उत्पादन : ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील युद्धात जीपगाड्या भारतात आल्या आणि युद्धानंतर त्यांपैकी अनेक लिलावांतून खाजगी मालकांकडे गेल्या. युद्धकाळात के. सी. महिंद्र हे भारत सरकारच्या पुरवठा मंडळातर्फे अमेरिकेत होते. जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र व मलिक गुलाम महंमद यांनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. विलीजकडून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या गाड्या मुंबईत माझगाव येथे जोडण्यास या सुमारास प्रारंभ झाला.

परदेशी वाहनांवर अवलंबून राहण्यातील अडचण याच काळात प्रत्ययास आली. काश्मीरमधील लढाईसाठी १९४८ मध्ये इंग्लंडमार्गे जुन्या जीपगाड्या खरेदी करण्याचा व्यवहार झाला आणि त्यावरून संसदेत मोठा वाद उद्भवला. मोटार-उद्योगाविषयी १९५३ मध्ये सरकारने ठरविलेल्या धोरणानुसार ज्यांच्याकडे भारतात भाग बनविण्याचा कार्यक्रम नव्हता, अशा जोडणीदारांना व्यवसाय आवरता घ्यावा लागला. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपले काम थांबविले. महिंद्रने मात्र त्याच वर्षी विलीजच्या सहकार्याने प्रत्यक्ष उत्पादनाकडे पाऊल टाकले. एकेक भाग देशात होऊ लागला व पुढे कांदिवली येथील कारखाना या उद्योगाचे केंद्र बनला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ यांसारख्या मोठ्या अमेरिकन मोटारी जोडल्या जात. परंतु त्या महाग व पेट्रोल फार पिणाऱ्या असल्याने कालांतराने मागे पडल्या. टिकली ती जीप.

भारतीय सैन्यानेही जीपचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागातील असल उत्तरच्या लढाईत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या धक्काविरहित तोफेने पाकिस्तानी रणगाडे निकामी केले. त्या लढाईतच ते कामी आले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. हलकेपणा व चपळता यांमुळे जीप रणगाड्यापुढेही टिकते, हे त्यातून दिसले. पण तिच्या चालकाला पत्र्याचेसुद्धा संरक्षण नसते, हेही दिसले.

पेट्रोलच्या किंमती १९७३ नंतर वाढल्या, तेव्हा जीपमध्ये डीझेल एंजिने बसविणे अपरिहार्य झाले. प्रथम ट्रॅक्टरसाठी बनणारी एंजिने व नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने तयार झालेले २,११२ घ. सेंमी. चे डीझेल एंजिन वापरण्यात आले. या एंजिनाचे उत्पादन नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे होऊ लागले. चक्रांतर वाढवून अधिक माणसे बसतील अशी लांब प्रतिमानेही निघाली. तरी सांगाडा, पाटे, आस व सात फटींचा चेहरा या बाबी फारशा बदलल्या नाहीत. सीजे-३बीच्या परंपरेतील गाड्यांचे उत्पादन २०१० च्या सुमारास थांबले. ज्या प्रतिमानाला अमेरिकेत १५ वर्षे मिळाली, त्याने भारतात अर्धशतक काढले.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्थान : समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही शासनाची खेड्यातील पहिली खूण ठरली. देवी व हिवताप यांच्या निर्मूलन मोहिमा, पाटबंधाऱ्यांची सर्वेक्षणे, दुष्काळी कामांची पाहणी, मतदानाच्या पेट्यांची ने-आण ही सर्व कामे तिच्यावर झाली. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत तर तिला पर्याय नव्हता. सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातील) अर्जुनी मोरगाव तालुका हे याचे नमुनेदार उदाहरण होय. तलाव, धानाच्या बांध्या व जंगल यांनी व्यापलेल्या या प्रदेशात रेल्वेस्थानकापासून आतली गावे पावसाळ्यात तुटत असत. धानाच्या चिखलणीला योग्य अशी चिकण माती गाडीच्या चाकाला मात्र शत्रूसारखी असते. बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून, बांधांवरून व नाल्यांच्या उतारांवरून जाण्यास अरुंद, उंच व चारही चाकांनी ओढणारी गाडीच लागे. या तालुक्यातील नवेगाव बांधच्या परिसरात १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. अशा अरण्यांतील गस्तीसाठी वनखात्याचा भर दीर्घकाळ जीपवरच होता. १९८५ मध्ये आलेल्या अधिक हलक्या मारुती जिप्सीने पुढे वनांत व सैन्यात तिची जागा बऱ्याच अंशी घेतली.

जीपचा दुसरा उपयोग शासनाच्या योजनेत नव्हता. एस. टी. ची फेरी जेथे दिवसातून एक-दोनदाच होई, तेथे लांब प्रतिमानांच्या डीझेल जीपगाड्या प्रवासी वाहतूक करू लागल्या. विदर्भ व मराठवाड्यात त्यांना रंगांवरून ‘काळी-पिवळी’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ असे नाव पडले. बाजाराला जाणारी बाई, परीक्षेला निघालेला विद्यार्थी व प्रसूतीसाठी न्यावयाची स्त्री यांना वेळेवर मिळणारे वाहन बहुधा हेच असे.

दोष व धोके : ज्या गुणांमुळे जीप जंगलात चांगली, त्यांमुळेच ती सडकेवर धोक्याची ठरते. तळ उंच असल्याने गुरुत्वमध्य वर जातो व दोन चाकांमधील रुंदी फक्त सु. १.२३ मी. असल्याने गाडीचा पाया अरुंद राहतो. वेगाने वळण घेताना अशी गाडी घसरण्याआधी उलटू शकते. बांधा उघडा असल्याने उलटल्यावर आतील माणसे बाहेर फेकली जातात. प्रवासी वाहतुकीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. मागे दाटीने बसलेल्या व पायरीवर लोंबकळणाऱ्या माणसांचे वजन मागच्या आसाच्याही मागे पडते. त्यामुळे पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचा व गतिरोधकांचा प्रभाव कमी होतो. टपावर माणसे बसली, तर गुरुत्वमध्य आणखी वर जातो. पाचसहा किंवा नऊदहा माणसांसाठी आखलेल्या गाडीत वीसपंचवीस माणसे कोंबण्यात चालकाचा लोभ असतो हे खरे. परंतु गाडी सोडली तर दुसरे वाहन नाही, ही प्रवाशाची लाचारीही त्यामागे असते. म्हणून अशा अपघातांचा विचार केवळ यंत्राच्या किंवा चालकाच्या दोषावर थांबविता येत नाही. सार्वजनिक वाहतूक जेथे पोहोचत नाही, तेथे एका सैनिकी गाडीवर तिच्या आराखड्यात नसलेला भार टाकला गेला, हे त्याचे मूळ होय. २००० पासून देशभर लागू होऊन टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेले धूरनियंत्रणाचे निकष व वाढते सुरक्षानियम यांपुढे जुना आराखडा टिकणे अशक्य होते.

आकाराचा वाद : मूळ व्यवसाय विलीजकडून १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स व १९८७ मध्ये क्रायस्लर या कंपन्यांकडे गेला आणि २०२१ पासून तो स्टेलँटिस समूहात आहे. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ‘रॉक्सर’ ही सडकेबाहेर चालवावयाची डीझेल गाडी आणली. तेव्हा तिचा चेहरा व बांधा जीपसारखा असल्याची तक्रार क्रायस्लरच्या तत्कालीन मालक कंपनीने केली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२० मध्ये जुन्या रूपातील रॉक्सरविरुद्ध निर्णय दिला व त्याच वर्षी फेरबदल केलेल्या रूपाला मात्र हरकत नसल्याचे ठरविले. परवान्याने घेतलेला आराखडा दुसऱ्या देशात दोन पिढ्या जगल्यावर त्याच्या रूपावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या निमित्ताने पुढे आला.

मूल्यमापन : जीपचे महत्त्व तिच्या कोणत्याही एका भागात नाही. चारचाकी ओढ, पाट्यांच्या कमानी, लांब धावेचे एंजिन या सर्व गोष्टी तिच्या आधीपासून ज्ञात होत्या. त्या कमीत कमी वजनात, सुट्या करता येतील व साध्या हत्यारांनी दुरुस्त होतील अशा रीतीने एकत्र आणणे, हे तिच्या रचनाकारांचे कर्तृत्व होय. भारतात जीप दीर्घकाळ चालली, याचे श्रेय या सुलभतेला जाते. मात्र स्पर्धा नसलेल्या बाजारपेठेत आराखडा सुधारण्याची निकड निर्मात्याला भासली नाही, हेही तितकेच खरे आहे. २०१० मध्ये व नव्या रूपात २०२० मध्ये आलेली ‘थार’ ही गाडी जीपचा बाह्य आकार टिकवून धरते. परंतु ती बहुतांशी शहरातील हौशी ग्राहकासाठी आहे. ज्या रस्त्याविना गावांसाठी जीप आवश्यक होती, त्यांपैकी पुष्कळांपर्यंत आता पक्की सडक गेली आहे. गरजेचे साधन म्हणून जन्मलेल्या या गाडीने गरज संपताच शौकाच्या वस्तूचे स्थान घेतले आहे.